अडकणारं बकल

गाउया नदी इथून तीन किलोमीटर.
मुलांना तिचा फक्त वास येतो
एप्रिलात, बर्फ फुटताना, भिजल्या कुत्र्यासारखा.
तुरुंगाच्या व्यायामशाळेत एक यंत्र आहे वल्हवायचं:
सरकती बैठक, साखळी, मूठ,
आणि जाळीमागे चाक, ओढलं की उसासा टाकणारं.

माझी पदकं गंजली. गुडघेही.
मंगळवारी, शुक्रवारी बसने येते,
फाटकावर चाव्या, फोन आणि केसांतला चिमटा काढून ठेवते.

मानसतज्ज्ञ बाईंना हा खेळ फार आवडला.
म्हणाल्या, बघा ना, वल्हवणारा पाठमोरा बसतो,
सुटलेला काठ बघत बघत पुढे जातो!
रेनार्स म्हणाला, मला भिंत दिसते.
खिळा आहे तिच्यात एक. कॅलेंडर कुणीतरी नेलं.

रेनार्स अठराचा. बराकीत त्याचा शब्द म्हणजे कायदा.
एडवीन्स सतराचा, आणि त्याच्या चमच्याला भोक.
मला कुणी सांगितलं नाही, जेवणघरात दिसलं:
तापल्या सळईने मधोमध पाडलेलं भोक,
चुकूनही दुसऱ्या कुणाच्या तोंडात जाऊ नये म्हणून.
टेबल वेगळं. नळावर नंबर शेवटचा.
त्याने धरलेली वस्तू जो धरेल, त्याला त्याचा विटाळ,
कायमचा.
काय केलं होतं त्याने? विचारलं की मुलं छताकडे बघतात.
साहेब म्हणाले, ही त्यांची आपापसातली व्यवस्था,
आम्ही यायच्या आधीपासूनची. तुम्ही खेळाचं बघा.

मग मी खेळाचंच बघितलं.
सात तुरुंगांची शर्यत, पडद्यावर.
एक यंत्र, चौघं, दोन हजार मीटर,
प्रत्येकी अडीचशे, दोन फेऱ्या.
संघ निवडला घड्याळाने; मी फक्त नावं लिहिली.
एडवीन्स सगळ्यांत जलद निघाला.
त्याची पाठ ओढते तेव्हा चाक शिट्टी घालतं.
रेनार्सने यादी दोनदा वाचली.
म्हणाला, मी सगळ्यांत आधी. तो सगळ्यांत शेवटी.
मी बरं म्हटलं.
दुसऱ्या फेरीत शेवटच्यानंतर पहिलाच येतो,
हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं,
की आलं होतं, मला अजून कळलेलं नाही.

हजार मीटर. आम्ही दुसरे होतो.
एडवीन्सने मूठ सोडली, उजवा पाय सुटला,
डाव्याचं बकल अडकलं.
घामाने त्याची बोटं घसरत होती.
पडद्यावर बाकीच्या सहा नावा चालल्या होत्या,
आमची उभी.
दोघं मुलं आपापल्या जागी. कुणी ओरडलं नाही.
पहारेकऱ्याने चघळणं थांबवलं.
मी जाऊ शकत होते. चार पावलं.
गेले नाही. याचं मला बरं वाटत नाही.

रेनार्स वाकला.
आधी बोटांनी, मग नखांनी,
मग गुडघा टेकून, त्या पायावर तोंड नेऊन
पट्टा दातांत धरून ओढला.
सुटला.
मग बैठकीवर बसला, अजून ऊबदार होती,
आणि मूठ धरली, ओली, तशीच, न पुसता.

आम्ही सहावे आलो.
सहाव्याला काही मिळत नाही.
साहेबांनी अहवालात 'सहभाग समाधानकारक' लिहिलं.

शुक्रवारी जेवणघरात डोकावले.
वेगळ्या टेबलावर आता दोघं होते.
रेनार्सच्या चमच्यालाही भोक, नवं, कडा काळ्या.
लापशी गळायची. एडवीन्स त्याला दाखवत होता
भोक खाली अंगठ्याने कसं बुजवायचं.
दोघं बोलत नव्हते फारसं.
सरावाला मात्र रेनार्स वेळेवर आला,
आणि म्हणाला, ओढताना माझे खांदे वर जातात का?
जातात, म्हणाला एडवीन्स. मला विचारलंच नव्हतं.

कचेरीने नवे पट्टे पाठवलेत,
चांगले, एका बोटाने सुटणारे.
माझ्या कपाटात आहेत, पाकीट न फोडलेले.
डावं बकल अजून अडकतं.
परवा तिसरा मुलगा वाकला,
आधी इकडेतिकडे बघून.