खालची फळी

पहिल्याच आठवड्यात घरभर मुंग्या झाल्या.
माग काढत गेले तर उशीच्या अभ्र्यात,
दप्तरातल्या कंपासपेटीत,
आणि भावकाण्णांच्या जुन्या गमबुटात,
जिथं अर्धी भाकरी पिठल्यासकट दुमडून ठेवलेली.

मी ओरडले. हे आधीच सांगून ठेवते,
कारण पुढचं सगळं मला शहाणी ठरवणारं आहे.
निंगू ओरडण्याला घाबरला नाही.
नुसता बुटाकडे बघत राहिला,
ती भाकरी आता कुठं जाते ते.

बालकल्याणच्या बाईंनी दिलेली फाईल
सगळी कन्नडमध्ये. मी अक्षराला अक्षर लावत वाचली:
वय सहा. तूक हदिमूरु किलो.
बाहेरून कडी घातलेली खोली, गोकाकच्या बाजूला कुठंतरी.
एवढंच. बाकीचं त्याच्या हातांना पाठ होतं.
डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा,
उजवा तोंडाशी, डोळे दाराशी.

शेजारची लगमव्वा म्हणाली,
कपाटाला कुलूप घाल गं, सवय मोडंल.
मी कडीच काढून टाकली.
चार स्क्रू. तिसरा गंजलेला,
तो उलथन्याच्या टोकानं.
खालच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला,
चुरमुरे, फुटाणे, गुळाचे चार खडे,
आणि सांगितलं, हा तुझा. विचारायचं नाही.
रात्रीसुद्धा.

त्यानं त्याच दिवशी रिकामा केला.
ओकला.
मी फरशी पुसली, डबा भरला.
पुन्हा रिकामा. पुन्हा भरला.
भावकाण्णांनी शनिवारच्या बाजारातून
चुरमुऱ्यांचं पोतंच आणलं सायकलवर बांधून,
म्हणाले, बघूया कोण दमतंय.

रात्री झाकणाचा आवाज यायचा, टक्.
मग बराच वेळ काही नाही.
खात नसायचा. मोजायचा.
मग आमच्या दाराशी येऊन उभा,
काळोखात एकच शब्द:
"नाळे?"
उद्या?
मी अर्ध्या झोपेत उद्याचा पाढा म्हणायची,
सकाळी आंबील, शाळेत भात-सांबार,
आल्यावर भाकरी आणि वांग्याची भाजी.
"आणि रात्री?"
आणि रात्री आमटी-भात.
झोपेत दिलेला शब्द दिवसा पाळायचा असतो,
म्हणून एकदा भर दुपारी वांग्यांसाठी
बेळगुंदीपर्यंत चालत गेले, चार वांग्यांसाठी,
आणि वाटेत स्वतःलाच हसले.

कार्तिकात रताळी काढायला त्याला शेतात नेलं.
वेल ओढला, कुदळ घातली,
तांबड्या मातीतून एकेक वर येताना
तो उकिडवा बसून नखांनी उकरू लागला.
"हे कुणी लपवलं?"
भावकाण्णांना काही सुचेना.
"हिनंच की. जमिनीनं."
"मग तिला कोण मारत नाही?"
आम्ही दोघंही खाली मान घालून
पुढचा सरा काढत राहिलो.
संध्याकाळी त्याच्या खिशात एक रताळं होतं, मातीसकट.
असू दिलं.

माघातल्या एका साध्या मंगळवारी
मी भाकरी वाढायला वाकले
आणि त्यानं ताटावर पंजा आडवा धरला.
"साकु."
पुरे.
'बेकु' तो आल्या दिवसापासून म्हणायचा, डोळ्यांनी,
हा दुसरा शब्द त्याला येतो
हे मला ठाऊकच नव्हतं.
तव्यावरची जळली.
ताटात चतकोर तशीच ठेवून
तो हात धुवायला गेला,
ताटाकडे पाठ करून.

ते लगमव्वाला सांगायला मी धावतच गेले होते.

काल गमबुटात केळं सापडलं, काळं पडलेलं.
मुंग्याही होत्या, रांगेनं.
बूट झटकला, उन्हात ठेवला.
मग फळीपाशी बसून डबा उघडला.
अर्ध्यावर होता.
भरला.