शेवटचा खांब

सबस्टेशनपासून एकशे अठ्ठ्याऐंशीवा खांब.
त्याच्यापुढे तार नाही,
पळसाची दोन झाडं
आणि पैनगंगेकडे उतरणारी पांदण.

डीपीखाली बसून मी डब्याचं झाकण लावते आहे.
डब्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा संगणक,
मिनिटातले एकोणसाठ सेकंद झोपतो,
एक सेकंद जागा होऊन दाब मोजतो, लिहितो,
परत झोपतो.
दोन वर्षं घातली मी त्याला इतकं कमी खायला शिकवण्यात.
वायरमन झिंगरू आत्राम खांबाला टेकून ऐकतो.
"माह्या पोट्ट्याले बी शिकवा ना म्याडम,
भल्लं खाते थे."
मग वर न बघताच म्हणतो,
"आज मदली फेज रडून रायली."
माझं मीटर दोन मिनिटांनी तेच सांगतं.

महिनाभर आकडे आले.
संध्याकाळी सातला एकशे चौसष्ट,
आठला एकशे एकोणसाठ,
म्हणजे पंखा फिरतो, वारा येत नाही.
अकरानंतर दाब चढू लागतो,
उपसा थांबल्यावर विहीर भरत जावी तसा.
आणि रोज पहाटे तीनच्या सुमारास
आलेखात एक खड्डा.
पाऊण तास. मग पुन्हा सपाट.

चोरी असेल, गाइड म्हणाले.
नाहीतर तुमच्या डब्यातच खोट असेल,
गारठ्यात चिपा चुकतात.
मी डबा बदलला, दोनदा.
खड्डा जागचा हलला नाही.

तिसऱ्या रात्री झिंगरूच्या फटफटीवर मागे बसून आले.
अख्ख्या गावात एकच उजेड, चक्कीचा.
पंचफुला मेश्राम पट्टा चढवत होती.
भिंतीशी ज्वारीचे डबे, डब्यांवर खडूनं नावं.
"दिवसा मोटर उचलतच नाई बाई,
नुस्ती गुरगुरते. दोनदा जळली.
मंग दिवसाचा नादच सोडला मी."

पण तीनच का? दोन का नाही?

तिनं कोनाड्यातून गोळ्यांची रिकामी पट्टी काढली,
दारावरच्या पिवळ्या बल्बखाली धरली.
"याच्यावरचं बारीक नाव वाचता आलं
का मंग चालू करतो मी."
मी मीटर लावलं.
दोनशे अठरा.
पट्टीवरची शाई निम्मी उडालेली होती,
मला तर काहीच वाचता येईना.

पोत्यावर बसून मी तिला पॉवर फॅक्टर सांगू लागले,
पीठ नाकात, खोकला मध्ये मध्ये.
काही करंट असतो तो तारेतून नुसता येतो नि जातो,
काम करत नाही,
तार मात्र तापवतो.
"हाये ना घरी एक तसा," ती म्हणाली,
आणि झिंगरू इतका हसला
की गल्लीतली कुत्री उठली.

उन्हाळ्यात कपॅसिटर बसला.
झिंगरूनं घरं मोजून तिन्ही फेजांवर भार वाटला,
कुणाचा कूलर कुठल्या तारेवर, त्याला तोंडपाठ.
सातचा दाब एकशे शहाण्णव.
प्रबंधात हे सगळं अडीच पानांत आहे,
त्यात झिंगरू "स्थानिक सहकार्य" आहे,
आणि पट्टी नाहीच.

चक्की आता संध्याकाळी चालते.
डबा मी काढून तिच्याच मीटरवर लावला,
एक वर्षाचे आकडे हवे होते म्हणून.
पहाटेचा खड्डा बुजला.
पण रोज, तीनला पाच-दहा मिनिटं कमी असताना,
एक बारीकशी रेघ वर येते:
चाळीस वॅट. बारा मिनिटं. मग काही नाही.

मोटर नाही, पट्टा नाही, दळण नाही.
संगणक त्या वेळी आपल्या सेकंदापुरता जागा होतो,
लिहून ठेवतो,
झोपतो.

मी झिंगरूला फोन करून विचारलं.
"उठत असन," तो म्हणाला.
"झोप काई फीडरवर नसते म्याडम."