दुसरं पाणी

शिरोलीच्या शेडमध्ये मशीन बसवून
शू परत गेला, तेव्हा माझ्या हातात
एक पत्र्याचा डबा ठेवून गेला.
त्याला मराठी येत नव्हतं, मला चिनी.
तीन आठवडे आम्ही बोल्ट, शिम आणि बोटांवर बोललो होतो.
जाताना त्यानं किटली दाखवली,
उकळतं पाणी म्हणून दहा बोटं नाचवली,
मग तीच बोटं सावकाश निजवली
आणि तळहात आडवा धरला: थांब.

मी कुठला थांबतो.
पहिल्याच सोमवारी, कारखान्याच्या सुट्टीला,
अर्धा लिटर म्हशीचं दूध, आलं, साखर,
त्यात चार चमचे ती पानं.
शेवंतानं एक घोट घेतला.
"वैरण भिजवल्यागत लागतंय," म्हणाली,
आणि पातेलं मोरीत नेऊन ओतलं.

डबा कपाटात बसून राहिला
गुळाच्या डब्याला खांदा लावून.

मला शूचा तो आडवा तळहात आठवत राही.
एकदा फाउंड्रीतली ताप मोजायची बंदूक घरी आणली.
रोज चौदाशेचा रस मोजणारी ती,
माझ्या पातेल्यावर रोखली
तर पडद्यावर नुसती आडवी रेघ.
साहेबानं शिपायाकडे न बघावं तशी.
मग बंदूक ठेवली, गॅस बंद केला
आणि उभा राहिलो,
बुडबुडे बसेपर्यंत, वाफ पातळ होईपर्यंत,
शेजारच्या घरातल्या बातम्या संपेपर्यंत.

काचेच्या पेल्यात चिमूटभर पानं.
चपटी, गुळगुळीत, इस्त्री केल्यासारखी.
पाणी पडलं तशी वर तरंगली,
मग एकेक उभं राहिलं,
थोडा विचार केला, आणि तळाशी जाऊन बसलं.
पाण्याला रंग आला म्हणावा तर आला,
भेंडीचं पाणी घालून मळी काढल्यावर
काहिलीतला रस निवळतो ना, तेवढाच.

हे मला सुचलं, कारण आप्पा समोर बसले होते.
वडणग्याच्या गुऱ्हाळावर सत्तेचाळीस हंगाम गुळव्या.
गार पाण्यात हात बुडवून तोच हात
उकळत्या पाकात घालायचे, गोळी वळायचे,
आणि ती वाजली की म्हणायचे, उतरा.
आता रेशनच्या मशीनला त्यांचा अंगठा सापडत नाही.
चारदा पुसून ठेवावा लागतो,
मागची रांग कुरकुरते.

त्यांनी पेला नाकाशी नेला.
"डहाळा भाजलाय कुणी?"
मग ओलं पान बोटावर घेऊन
उजेडात धरलं, उलटं केलं, नखानं दाबलं.
"तापल्या कढईत हातानं दाबलंय ह्ये.
उलथनं न्हाई लावलं."

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.
मला तरी कुठं ठाऊक होतं!
शूच्या फोनमध्ये नंतर सापडेल असा फोटोही नाही,
नंबरच घेतला नव्हता.
पण शूच्या मुलखात, कढईवर वाकलेला कुणी,
ज्याचा अंगठा तिकडच्याही मशीनला सापडत नसेल,
तो त्या क्षणी आमच्या खोलीत येऊन
आप्पांच्या बाजेच्या कडेला टेकला असं वाटलं.
दोघं बोलले नसते. दोघांनी हात बघितले असते.

पहिला घोट घेऊन आप्पा म्हणाले, "पाणीच की."
मी त्याच पानांवर दुसरं पाणी घातलं.
ते गप्प बसले. जीभ टाळूला लावून
कान दिल्यासारखे.
बाहेर भंगारवाला ओरडत गेला.
"गोडी मागनं येतीया," म्हणाले,
"नरड्यातनं. गिळल्यावर.
कच्च्या गुळाची गोडी फुडं पळती, ऱ्हात न्हाई.
ह्यो माणूस घाई करणारा न्हवं."

तिसऱ्या पाण्याला शेवंताही येऊन बसली.
तिनं अर्धा पेला संपवला,
मत काही दिलं नाही, पेला मात्र परत पुढं केला.

मला वाटलं, आता आप्पा अजून काही बोलतील.
त्यांनी धोतराला तोंड पुसलं.
"बरं हाय. औषधासारखं न्हाई, त्ये बरं हाय.
आता च्या टाक. गूळ जरा जास्त घाल."

रात्री ओट्यावर चौथं पाणी तसंच राहिलेलं,
गार, जवळजवळ रंग नसलेलं.
दिवा न लावता मी ते प्यालो.