ओळ क्रमांक एकशे चौदा

मासेमार सोसायटीच्या खोलीत एकच पंखा, तोही लाइन असली तर.
खिडकीतून तलावाची पाळ दिसते,
मोहाच्या फांदीवर वाळत घातलेली जाळी.
मी लॅपटॉप उघडून बसले आहे. बाजूला
दसरूजी वलथऱ्यांचं रजिस्टर, एक्क्याऐंशी सालापासूनचं,
पानांना मरळीचा वास.

"का करून रायली बाप्पा तू?"

सांगते: माणूस एकीकडे असतो, रकाने दुसरीकडे.
माणसाला नातं असतं, डोंगी असते, उधारी असते.
रकान्याला फक्त चार बाजू.
मधे एक दुभाषी बसवायचा.
मी म्हणायचं, सभासद आण.
त्यानं तळाशी जाऊन एक ओळ उचलायची,
तिला अंग द्यायचं, माझ्यापुढं उभी करायची.
मी काही बदललं की म्हणायचं, जपून ठेव.
त्यानं पुन्हा तिचे चौकोन करून तळाशी नेऊन ठेवायचे.
खालची भाषा मला बोलावी लागत नाही.

"म्हंजे सचिवच झाला ना तो," दसरूजी म्हणाले.
"मानधन कोन देईल?"

पहिल्या दिवशी दुभाषी वेड्यासारखा वागला.
एकशे तेरा सभासद मागितले, आणले.
मग त्यांचे हिस्से मागितले
तर एकेकासाठी वेगळा तळाशी गेला.
एकशे तेरा फेऱ्या, वर पहिली एक.
स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं, चहा थंड झाला.
"एकेका मासोळीसाठी घरून तलावावर
कोन येते वो? भोवरजाळं टाक."
टाकलं.
एका ओढीत सगळे आले, हिश्शांसकट.

मग आला सोमा नान्हे. सभासद सत्तेचाळीस.
मागच्या पोळ्याला वारला.
रजिस्टरात दसरूजींनी त्याच्यावर एक आडवी रेघ मारली होती,
रेघेखाली नाव अजून वाचता येत होतं.
मी लिहिलं, काढून टाक.
दुभाष्यानं काही विचारलं नाही. सोमा गेला.
त्याच्या मागोमाग त्याचा हिस्सा,
त्याची डोंगी,
आणि 'वारस' या रकान्यातून
हिरकन.

हिरकन, जी त्या वेळी खिडकीबाहेर
पाळीवर बसून झिंगे निवडत होती.

ते मीच लिहिलं होतं, एका शब्दात:
मालक गेला की त्याच्या मालकीचं सगळं जावं.
लिहिताना सोयीचं वाटलं होतं.

व्यवहार अजून पक्का केला नव्हता. मागे फिरवला.
सोमा परत आला, मेलेलाच. हिरकनही आली, त्याच्या आत.

दुपारभर नकाशा मोडत बसले.
मृत्यूच्या तारखेला रकाना दिला, रिकामा राहू शकेल असा.
तिला त्याच्या ओळीतून सोडवलं,
कल्ल्यात अडकलेला धागा सोडवतात तसं, न ओढता.
त्याच्याकडे बोट दाखवणारा एक आकडा
तिच्यापाशी राहू दिला.

"पन ठराव नाही झाला ना अजून," दसरूजी म्हणाले.
ठराव करा, म्हटलं, ओळ तयार आहे.
त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.
मग रजिस्टरात शेवटच्या नावाखाली
पेन्सिलीनं लिहिलं: बैठकीत घेऊ.

हिरकन आली. हात ओले.
"माहं नाव हाये का यात?"
दाखवलं. एकशे चौदा.
"पयले कोनाचा होता हा नंबर?"
कोणाचाच नाही.
तिनं नावावर बोट ठेवलं.
काचेवर पाण्याचा ठसा राहिला, मी पुसला नाही.

"मंग लिव. आजचे झिंगे, पाव किलो."

लिहिलं. जपून ठेव, म्हटलं.
तिला दाखवायला परत मागवलं.
वजन: शून्य.

रकाना मीच पूर्ण आकड्यांचा केला होता,
रोहू-कतला डोळ्यांपुढं ठेवून.
उद्यापर्यंत थांब मावशी, म्हटलं, दुरुस्त करते.

ती टोपलं उचलून निघाली.
दारातून वळली.
"पाव किलो हाये," म्हणाली. "मोजून पाय."