उतारा

पोखरण रोडवरच्या सोसायटीचं पंपघर.
डार्ट लागून अकरा मिनिटं झालेली.
बिबट्या मोटारीला टेकून आडवा,
डोळे उघडेच.
या झोपेत ते मिटत नाहीत,
म्हणून मलम घातलं, वरून जानू भुरकुटचा पंचा.

नळ्या कानात.
शहाण्णव. चौऱ्याऐंशी.
डार्टमध्ये दोन औषधं होती:
एक हृदयाला म्हणतं, बस जरा,
दुसरं म्हणतं, ऊठ, पळ.
आणि ते मध्ये,
दोन पाळ्यांत अडकलेल्या वॉचमनसारखं.

बहात्तर.
बाहेरून कुणीतरी, "मेला का हो?"
एकसष्ट.
हिरडी दाबली. पांढरा ठिपका
सावकाश गुलाबी झाला.
चोपन्न.
जानू म्हणाला, "म्याडम, ह्यो थांबतोय
का आपुन थांबवतोय?"

सांगायला सवड नव्हती.
दोन ठोक्यांच्या मध्ये
एक लांबच लांब बोळ पडला होता,
त्याच्या तोंडाशी मी उभी,
आणि माझं स्वतःचं असं धावत होतं
की नळ्यांत कोणाचं ऐकू येतंय
कळेना.

आला.
मग आणखी एक.

येऊरच्या फाटकाशी उतारा टोचला.
आधी कान हलला,
मग शेपटीचं टोक,
मग तो असा उठला की जाळी वाजली.
वहीत लिहिलं: नर, वजन बावन्न,
सर्वांत कमी ठोके चोपन्न, रात्री दोन चाळीस.

घरी बाबा झोपले होते.
उशाशी गोळीची उरलेली अर्धी चकती.
चपला न काढताच
त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली
आणि एकपासून मोजायला लागले.