मांगे कोन देखी

पहिल्या दिवशी मी फक्त नावेचं टोक पाहत होते.
टोकाला बांधलेली निळी चिंधी, तिच्यापुढे तापीचं पाणी,
पाण्यापुढे पल्याडचा काठ, पपईच्या शेतांचा.
वल्हं इतकं घट्ट धरलेलं
की संध्याकाळी भाकरी थापताना बोटं उघडेनात.

हिलालबाबा, माझे सासरे, मागच्या फळीवर
तंबाखू मळत बसत. नदीकडे बघतच नाहीत, असं वाटे.
नजर कुठेही. सारंगखेड्याच्या बॅरेजवरल्या दिव्यावर,
स्वतःच्या पायाच्या अंगठ्यावर,
बायजाबाईच्या शेळीच्या कानावर.

"व, कोठे देखी राहिनी?"
"पुढे."
"आनि मांगे कोन देखी?"

मागे काय असणार?
जे पाणी ओलांडलं ते ओलांडलं.

मग पौषात एकदा, नाव भरलेली,
आठ बाया, पपईचे रिकामे क्रेट, सुपडूची सायकल,
बाबा मध्येच म्हणाले, थांबाड.
काही नव्हतं. खरंच काही नव्हतं,
पाणी पालथ्या परातीसारखं.
मी वल्हं उभं केलं, नाव आपसूक डावीकडे सरली
आणि उजवीकडून, हातभर अंतरावरून,
बुडालेल्या बाभळीची फांदी गेली,
काळी, पाण्याच्या चार बोटं खाली.
बायांच्या गप्पा तुटल्यासुद्धा नाहीत.

रात्री बॅरेजची दारं पाडली होती, पाणी चढलं होतं.
ती फांदी मी महिनाभर रोज पाहिली होती.
दिसत होती, म्हणून पाहिली होती.

कशावरून कळलं, मी जेवताना विचारलं.
घास हातात धरून ते बराच वेळ आठवत राहिले.
"पानकावळा उना, फिरना,
बठना नही."
मग म्हणाले, ते नंतर सुचलं असेल.
आधी हातच थांबला.

फाल्गुनात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, धुळ्याला.
हिरवी पट्टी बांधून ते काठावर येऊन बसले,
आणि मी पहिल्यांदा एकटी निघाले.
मध्यावर मान वळवून पाहिलं:
बाबांची नदीकडे पाठ,
तोंड रस्त्याकडे, कुणाशी तरी
कापसाच्या भावावरून भांडत होते.

शेळीनं कान हलवला.
मी वल्हं उभं केलं.
"काय झालं?" सुपडूनं विचारलं.
माहीत नाही, म्हटलं.
थांब जरा.