काटा परत येताना

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
लेथ गप्प, फाउंड्रीच्या धुराड्यावर कावळा.
तेव्हाच मी रेकॉर्डिंग लावते.
एरवी प्रत्येक गाण्यात
शेजारचं ड्रिलिंग मशिन सूर धरून बसलेलं असतं,
काळी दोन, थोडं उतरलेलं.

पेटी आधी वीस मिनिटं तापवायची.
आत दोन व्हॉल्व्ह,
राखेखालच्या निखाऱ्याएवढे लाल.
जळक्या धुळीचा वास सुटला
की समजायचं, आली जाग्यावर.

तिचा सांगाडा मी भंगारातनं उचलला, किलोच्या भावानं.
ट्रान्सफॉर्मर जळालेला.
तो दस्तगीरचाचांनी भरून दिला
बोअरच्या मोटारींच्या रांगेत मध्येच घुसवून.
"हे करतंय काय गं पोरी?"
"आवाज धरतंय, चाचा."
"चोराला धरत्यात तसं?"
"नाही. सायकल शिकवताना मागनं सीट धरतात, तसं."
त्यावर ते काही बोलले नाहीत.
तार मोजत राहिले.

कॉम्प्युटरात हिचं चित्र आहे.
बटणं हुबेहूब, काट्याची सावलीसुद्धा काढलीय.
मी तेही वापरते. हप्ते असतात, घाई असते.
चित्रानं हात भाजत नाही, एवढंच.

आत एक दिवा आहे
आणि दिव्याकडे टक लावून बसलेला एक डोळा.
आवाज चढला की दिवा उजळतो,
दिवा उजळला की डोळा आवाजाला म्हणतो,
जरा दमानं.
आणि उजेड पुष्कळ वेळ पाहिला असेल
तर विसरायलाही त्याला वेळ लागतो.
एकदम सोडत नाही.
हे कसं मोजायचं ते पुस्तकात आहे.
मी नुसती काटा परत येताना बघते.

त्या सोमवारी बाबगोंडा मगदूम आले.
चाळीस वर्षं गुळाच्या सौद्यात पुकारा केलेला गळा,
रव्यांच्या थप्प्यांवरनं, हमालांच्या डोक्यांवरनं
शेवटच्या अडत्यापर्यंत भाव पोचवणारा.
एक भजन म्हणायचं होतं. बायकोसाठी.
"कानात मशिन घातलंय तिच्या," ते म्हणाले,
"हळू बोललं तर ऐकू येत न्हाई,
मोठ्यानं बोललं तर म्हणती, वरडतायसा कशाला?
आणि अधलंमधलं
मला येतच न्हाई बघा."

पहिल्याच ओळीला काटा आडवा झाला.
दुसऱ्या ओळीला ते स्वतःच दचकले,
माइकपासून दोन पावलं मागं सरकले
जसं काही समोर कुणी झोपलंय.
मी म्हटलं, मागं जाऊ नका, काका.
तुम्ही म्हणा. धरायचं काम पेटीचं.

मग ते डोळे मिटून गायले,
सौद्यासारखे, पूर्ण छातीनं.
पेटीत दिवा पेटत होता, मंदावत होता,
कोपऱ्यात दस्तगीरचाचा स्टुलावर,
घरघर येतीया का बघायला म्हणून आलेले.

रात्री मिक्सिंगला बसले.
धरलेला आवाज उचलला
तर त्याच्याबरोबर सगळंच वर आलं.
श्वास. दाताच्या कवळीची टिक.
पंख्याची, मी बंद केलेला तरी फिरणारी, शेवटची फेरी.
आणि दोन कडव्यांच्या मधल्या जागेत
कुणीतरी पुटपुटतंय,
आठशे एक, आठशे दोन, आठशे तीन.

बोटांत तार नसतानाही
चाचा वेटोळी मोजतात.
त्यांना स्वतःलाही ठाऊक नसावं.

पुसता आलं असतं. दोन मिनिटांचं काम.
मी गेन अर्ध्या खुणेनं खाली घेतला,
पुन्हा होता तिथं आणला,
आणि पेटी बंद केली. काटा सावकाश निजला.

चार दिवसांनी मगदूमकाकांचा फोन,
मोबाइल लांब धरावा लागला.
"ऐकलं की तिनं! सगळं ऐकलं!
दोनदा लाव म्हणाली.
फकस्त एक विचारालीया,
मागं
मोजालंय कोण?"